पदवीचं नाव राहू द्या, कुंडीत कोण उतरवतं ते सांगा

पदवीचा निकाल लागला की तापीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत खल सुरू होतो. पर्यावरण घ्यायचं की भूगोल? इंदूर की जळगाव? की सरळ पुणं गाठायचं? मामा सांगतात, पर्यावरणाला स्कोप आहे. शेजारचे गुरुजी सांगतात, भूगोल घे, निदान मास्तर तरी होशील. मुलगी मोबाइलवर माहितीपत्रकं उघडून बसते. सगळ्यांवर हिरवी पानं, निळा पृथ्वीगोल आणि पांढरे कोट घातलेली मुलं. त्यावरून निवड होते आणि उमेदीची दोन वर्षं पणाला लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पर्यावरण की भूगोल, हे नंतर ठरवा. आधी विचारा की हा विभाग मुलांना वर्षातून किती दिवस वर्गाबाहेर काढतो आणि बाहेर काढून त्यांच्याकडून काय करून घेतो. याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याचं नाव कितीही मोठं असो, तिथे फी भरू नका.

जैनाबादच्या मुलांना हे मुद्दाम सांगतोय. कारण या दोन्ही विषयांचा अभ्यास करायला लागतं ते सगळं त्यांच्या दारात आहे आणि तेच त्यांना कुणी दाखवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

जैनाबाद मध्य प्रदेशात, तापीच्या काठी, समोर बुऱ्हाणपूर. जून 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज महल वारली. आग्र्याला नेण्याआधी तिचा देह जैनाबादच्या आहुखाना या बागेत ठेवला होता. पर्यटक तेवढं ऐकतो, फोटो काढतो आणि निघून जातो. विद्यार्थ्याने इथे थांबून नदीकडे बघायचं असतं. मुलताईहून निघालेली, 724 किलोमीटर वाहणारी, देशातल्या बहुतेक मोठ्या नद्यांना पाठ दाखवून पश्चिमेला जाणारी ही नदी अशी का वाहते? तिच्या उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा का उभा आहे? त्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि गाळाचा एवढा जाड पट्टा कुणी आणून टाकला? आणि त्या पट्ट्यावरच रावेर, यावल, बुऱ्हाणपूरची केळी का उभी आहे? हे चार प्रश्न मुलांकडून नीट सोडवून घेतले, तर भूगोलाचा निम्मा अभ्यासक्रम पुरा होतो.

उरलेला निम्मा नदीच्या पलीकडे आहे. त्याचं नाव कुंडी भंडारा.

1615 च्या सुमाराला, अब्दुल रहीम खानखाना इथला सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या फारशी भूशास्त्रज्ञाने शहराच्या पाण्यासाठी ही व्यवस्था आखली. सातपुड्यावर पडलेलं पाणी पायथ्याच्या सच्छिद्र थरात मुरतं आणि जमिनीखालून तापीकडे सरकतं, हे त्याने हेरलं. ते पाणी त्याने वाटेतच भुयारात धरलं. भुयारावर ठरावीक अंतराने कुंड्या घेतल्या, त्या शंभराहून जास्त आहेत. मोट नाही, पंप नाही. नुसत्या उताराने पाणी शहराकडे चालत आलं.

आज तिथे लिफ्ट बसवली आहे. सत्तर-ऐंशी फूट खाली उतरलं की वरचं ऊन आणि वाहनांचे आवाज वरच राहतात. पायाखाली पाणी वाहत असतं. बॅटरीचा झोत भिंतीवर मारला तर ती पांढरीफटक दिसते. हात लावून पाहा, खरखरीत लागतं. पाण्यात विरघळून आलेला चुना चार शतकं थरावर थर चढत गेला आहे. या दगडी पुटाने काही ठिकाणी भुयार अरुंद केलं आहे. वर मान केली की कुंडीच्या गोल तोंडातून आभाळाची चकती दिसते. मार्च 2024 मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आता त्याच भिंतीसमोर तीन विद्यार्थी उभे करा. भूगोलवाल्याने सांगायचं की पाणी इथे कुठून आलं, उतार कोणता, आणि शहर याच ठिकाणी का वसलं. पर्यावरणवाल्याने नमुना घेऊन सांगायचं की पाण्यात काय आहे. कठीणपणा किती? केळीला दिलेल्या खतातलं नायट्रेट मुरून इथवर आलं आहे का? वरच्या वस्तीचं सांडपाणी कुठे झिरपतं? भूशास्त्रवाल्याने सांगायचं की हे किती दिवस पुरेल. आजूबाजूला कूपनलिका वाढल्या तर कुंडीची पातळी किती उतरेल? कुठून, काय आणि किती दिवस, हे तिन्ही प्रश्न एकाच पाण्याचे आहेत. आपल्या विद्यापीठांनी मात्र ते तीन इमारतींत वाटून टाकले. एका इमारतीतला प्राध्यापक दुसऱ्या इमारतीत चहालाही जात नाही. विद्यार्थ्याला मिळतो पाण्याचा एक तृतीयांश आणि त्याच्या हातात पदवी मात्र पूर्ण.

*

या तिन्ही प्रश्नांची गरज कुणाला आहे, असं वाटत असेल तर याच जिल्ह्याचा ताजा इतिहास बघा.

जुलै 2022 मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. 254 गावं, 1,01,905 घरं, प्रत्येक घरात नळ. ऑगस्ट 2019 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यातल्या 37,241 घरांतच नळाचं पाणी होतं. तीन वर्षांत झालेलं हे काम मोठं आहे आणि ज्या बायांच्या डोक्यावरचा हंडा त्यामुळे उतरला, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

पण नळ बसला म्हणजे पाण्याची सोय कायमची झाली, असं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नळाच्या मागे विहीर किंवा कूपनलिका असते, तिच्या मागे खडक असतो आणि खडकात पावसाने मुरवलेलं मोजकं पाणी असतं. शेजारच्या यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात भूजल वर्षानुवर्षं खोल जातंय. ठिबक आलं तशी पाण्याची बचत झाली, पण वाचलेल्या पाण्यावर लागवडही वाढली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारं, नमुना तपासणारं, नकाशावर पुनर्भरणाची जागा दाखवणारं शिकलेलं माणूस आता प्रत्येक तालुक्याला हवं आहे. ते घडवायचं काम विद्यापीठाचं आहे. ते होत नसेल तर पर्यावरणाचे विभाग चालवायचे कशासाठी?

*

आता तुलना करू, नेमकी.

पर्यावरण विज्ञानाच्या एम.एस्सी.त भर असतो तो प्रयोगशाळेवर. पाण्याची, हवेची, मातीची तपासणी, परिसंस्था, घनकचरा, पर्यावरणाचे कायदे, प्रकल्पांचा पर्यावरणीय आघात. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी विज्ञानाची पदवी लागते. बी.ए. झालेल्या मुलीला हे दार सहसा बंद असतं, हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं. तिला या वाटेने जायचंच असेल तर पर्यावरण आणि विकास अशा नावाचे एम.ए. अभ्यासक्रम शोधावेत. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात तो आहे.

भूगोलाचा पसारा मोठा. भूरूपं, हवामान, शेती, लोकसंख्या, वस्त्या, प्रादेशिक नियोजन, नकाशाशास्त्र आणि आता दूरसंवेदन व जीआयएस. कलाशाखेची मुलं येऊ शकतात, पुष्कळ ठिकाणी विज्ञानाचीही. गावाचं सर्वेक्षण आणि अभ्यास सहल ही भूगोलाची जुनी, चांगली परंपरा. मात्र तिची सहल झाली की ती बुडाली. तीन दिवस उटी आणि दोन दिवस म्हैसूर, परत आल्यावर अहवालात हॉटेलचे फोटो, याला क्षेत्रभेट म्हणत नाहीत.

नोकरीचं बघायचं तर माहितीपत्रकात न छापलेल्या चार गोष्टी इथे सांगतो.

एक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय आहे. पर्यावरण विज्ञान त्या यादीत नाही. सामान्य अध्ययनात पर्यावरण भरपूर विचारतात, पण वैकल्पिक म्हणून घेता येत नाही.

दोन. पर्यावरण शिकून भारतीय वनसेवेत जाईन, असं पुष्कळ मुलं धरून चालतात. त्या परीक्षेसाठी पदवीला ठरावीक विषयांपैकी एक हवा. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, सांख्यिकी, भूशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी एखादा, किंवा मग कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी. त्या यादीत पर्यावरण विज्ञान नाही आणि भूगोलही नाही. म्हणजे पदवीला वनस्पतिशास्त्र घेतलं असेल तर दार उघडं, नसेल तर पुढे कितीही पर्यावरण शिका, अर्ज भरता येणार नाही. हे बारावीनंतर सांगायचं असतं. एम.एस्सी. झाल्यावर सांगून काय उपयोग?

तीन. ज्याला भूजलाचंच काम करायचं आहे, त्याने भूशास्त्राकडे जावं. केंद्रीय भूजल मंडळात जलभूशास्त्रज्ञ आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून घेतात आणि त्यासाठी भूशास्त्र किंवा जलभूशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात. पाण्यावर जीव असलेली किती मुलं पर्यावरणात शिरतात आणि दोन वर्षांनी ही अट वाचून हबकतात!

चार. प्राध्यापकीसाठी नेटला दोन्ही विषय आहेत, भूगोल 80 क्रमांकाचा, पर्यावरण विज्ञान 89 क्रमांकाचा. पण भूगोल शाळेपासून महाविद्यालयापर्यंत शिकवला जातो, म्हणून शिक्षकांच्या जागा तिकडे जास्त निघतात. पर्यावरणवाल्याचा ओढा प्रदूषण नियंत्रण मंडळं, तपासणी प्रयोगशाळा, कारखाने आणि सल्लागार संस्थांकडे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल बंधनकारक आहे. त्या अहवालाच्या चमूत हवा, पाणी, परिसंस्था, भूमिवापर, जलभूशास्त्र, समाज-अर्थव्यवस्था असे वेगवेगळे जाणकार लागतात. तिथे दोघांनाही काम आहे, अट एकच, हाताला काम यायला हवं.

*

आता गाव बदलून पाहू.

बुऱ्हाणपूर जिल्हा आधी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे होता. 2024 मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ झालं आणि निमाडचे जिल्हे तिकडे गेले. आदिवासी भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, हे चांगलंच झालं. पण विद्यापीठ नवं आहे, विभाग उभे राहायला वेळ लागेल, आणि खरगोनला रेल्वे नाही. जैनाबादच्या मुलीने तिथे जाताना मिळणाऱ्या बसचाही विचार करावा. इंदूर सुमारे 180 किलोमीटर. तिथे ऊर्जा आणि पर्यावरण अध्ययन शाळा आहे, तिचा भर ऊर्जेवर. ज्याला सौरऊर्जेत, ऊर्जा व्यवस्थापनात जायचं आहे त्याच्यासाठी उत्तम. ज्याला नदीकाठी काम करायचं आहे त्याने तिथला अभ्यासक्रम नीट वाचावा.

सागरला डॉक्टर हरीसिंह गौर विद्यापीठ आहे. 1946 चं, आता केंद्रीय. तिथे भूगोलही आहे आणि नावाजलेलं उपयोजित भूशास्त्रही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी संचालक वेस्ट यांनी ते भूशास्त्र उभं केलं. मध्य प्रदेशातल्या मुलांनी हे नाव यादीत वर ठेवावं.

जळगाव रेल्वेने शंभर किलोमीटरच्या आत. 1990 मध्ये स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या पण जमीन, पाऊस आणि पीक नेमकं ओळखणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला आहे. त्या नावाला जागायचं तर विद्यार्थी शेतात, नाल्यात, विहिरीवर दिसले पाहिजेत. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचे तिन्ही जिल्हे तापी खोऱ्यातले. तिथल्या प्रशाळेत पर्यावरण आणि भूशास्त्र एका छताखाली आहेत. वर मी ज्या तीन इमारतींची तक्रार केली, त्यातल्या दोन इथे आधीच जोडलेल्या आहेत. जैनाबादच्या विद्यार्थ्याला निसर्गाने नेमून दिलेलं विद्यापीठ हेच.

पण मध्ये राज्याची सीमा आहे. जागा आधी आपल्या विद्यापीठाच्या, आपल्या राज्याच्या मुलांना. एका राज्याचं जात प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या राखीव जागेला चालत नाही. शिष्यवृत्तीचे नियम वेगळे. घरात मराठी बोलणारा, बाजाराला रावेरला जाणारा, आजोळ सावद्याचं असलेला मुलगा जळगावच्या खिडकीवर परप्रांतीय ठरतो.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्र दोन्ही आहेत. 1993 पासून भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधनाची स्वतंत्र संस्थाही आहे. ग्रंथालयं चांगली, माणसं भेटतात, राहण्याचा खर्च मात्र बापाची कंबर मोडणारा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरण विज्ञानाची प्रशाळा आहे, आणि भूगोल प्रादेशिक विकास अध्ययन केंद्रात शिकवतात, जिथे अर्थशास्त्रही शेजारी बसतं. ज्याला पुण्याचा खर्च झेपत नाही त्या हुशार मुलाला दिल्ली झेपू शकते, कारण तिथली फी कमी. सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती द्यायची हिंमत बुऱ्हाणपूरच्या मुलांनी करावी. सागरही त्याच परीक्षेतून मिळतं.

*

यावर कुणी म्हणेल, पर्यावरण तर आता सगळ्यांनाच शिकवतात. शिकवतात. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी तसा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी रखडली, म्हणून डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीला सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम लावला. पुण्याच्या डॉक्टर इराक भरुचांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्या अभ्यासक्रमाचं आठवं प्रकरण होतं प्रत्यक्ष क्षेत्रकाम. जवळच्या नदीची, जंगलाची नोंद करा, एका प्रदूषित जागेला भेट द्या, साध्या परिसंस्थेचा अभ्यास करा. शंभरापैकी 25 गुण त्यालाच.

त्या 25 गुणांचं काय झालं, ते महाविद्यालयाबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा. तयार प्रकल्प मिळतो. वर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, पहिल्या पानावर विद्यार्थ्याच्या नावासाठी कोरी जागा, आत भोपाळची वायुगळती, ओझोनचं छिद्र, गंगेचं प्रदूषण. प्लास्टिकमुक्तीवरचा प्रकल्पही प्लास्टिकच्या फायलीत. गाव तापीकाठचं आणि प्रकल्पात तापी नाही! प्राध्यापक सही करतात, गुण मिळतात आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पाळला गेला अशी नोंद होते. याला फसवणूक म्हणतात, आणि ती विद्यार्थी, प्राध्यापक आणि विद्यापीठ मिळून करतात. 2023 मध्ये आयोगाने या विषयाचा नवा आराखडा आणला, किमान चार श्रेयांकांचा. श्रेयांक वाढवून झेरॉक्सचं दुकान बंद होणार नाही. ते बंद करायचं तर प्राध्यापकाने स्वतः पायात बूट घालून मुलांबरोबर नदीवर जायला हवं.

मी काही नवं मागत नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये इंदूर संस्थानाला नगररचनेचा अहवाल दिला, तो गल्ल्यागल्ल्यांतून फिरून. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढायला आले. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण आजही पाहणीच्या जागी फाइल लावतो.

अलीकडचं उदाहरण तापी खोऱ्यातलंच घ्या. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी मुरवलं. ते भूशास्त्र शिकलेले, हयात विहिरी आणि खडक बघण्यात गेलेली. वरचा कोणता थर पाणी अडवतो आणि खालचा कोणता पितो, हे त्यांना दगड बघून कळत होतं. त्यांच्या या 'शिरपूर पॅटर्न'वर भूजलाच्या जाणकारांचे गंभीर आक्षेप आहेत. एका तालुक्याचा खडक दुसऱ्या तालुक्यात नसतो, सरसकट खोलीकरण घातक ठरतं, हे आक्षेप योग्यच आहेत. पण काम करणारा आणि आक्षेप घेणारा, दोघांनीही खडक पाहिला आहे. ज्याने पाहिलेला नाही, त्याला या वादात तोंड घालता येत नाही.

*

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि हे विचारा. फोनवर नको, समोर बसून.

गेल्या वर्षी मुलांना क्षेत्रकामासाठी कुठे नेलं आणि किती दिवस? त्यांचे अहवाल दाखवा. अहवाल चाळताना बघा, सगळे एकसारखे आहेत की प्रत्येकाचा वेगळा. पाण्याच्या तपासणीची उपकरणं चालू आहेत की कपाटात? जीआयएस विद्यार्थी स्वतः संगणकावर बसून करतो की फळ्यावरून उतरवतो? उत्तरपत्रिका मराठीत किंवा हिंदीत लिहिता येते का? कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती? मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? आणि शेवटी, शेजारच्या विभागाचा एखादा विषय घेता येतो का? भूगोलवाल्याला पाण्याचं रसायन आणि पर्यावरणवाल्याला नकाशा शिकता येत असेल, तर तो विभाग चांगला. नाव कोणतंही असो.

पैसे नसतील, जाता येत नसेल, तरी हातावर हात धरून बसू नका. नकाशे करायची क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली फुकट आहे. सेंटिनेल उपग्रहाच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा फुकट मिळतात. डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम घेते. पुण्याची अक्वाडॅम ही संस्था भूजलाचं प्रशिक्षण देते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानेही जैनाबादच्या पाच विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजली आणि वर्षभर वहीत लिहिली, तर ती वही मुलाखतीत कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल. 2022-23 मध्ये नेपानगरच्या जंगलात बेसुमार तोड झाली. आधीची आणि नंतरची उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवून किती रान गेलं हे आपल्या हाताने मोजणारी मुलं या जिल्ह्यात घडायला हवीत. वनहक्काच्या दाव्यासाठी नकाशा काढायला बाहेरून माणूस आणावा लागू नये.

आता दोन्ही सरकारांना. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये डॉक्टर मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस या दोन मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. 31.13 टीएमसी पाणी, दोन्ही राज्यांचा वाटा ठरला. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या पट्ट्यात हे पाणी मुरवायचं आहे, तो बुऱ्हाणपूरपासून जळगावपर्यंत सलग आहे. पाण्यासाठी सीमा ओलांडता येते, मग विद्यार्थ्यासाठी का नाही? जळगाव आणि खरगोन या दोन विद्यापीठांनी तापी खोऱ्याचा एक संयुक्त अभ्यासक्रम सुरू करावा. भूगोल, पर्यावरण आणि भूशास्त्र एकत्र. निम्मं वर्ष वर्गात, निम्मं खोऱ्यात. मुलताईच्या उगमापासून चांगदेवच्या पूर्णा संगमापर्यंत, हतनूरच्या धरणापासून उकाईपर्यंत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईच्या विसर्गाने सुरत बुडालं, तेही याच नदीचं पाणी होतं, हे मुलांनी सुरतेत जाऊन शिकावं. दोन्ही काठांच्या मुलांना जागा, फी आणि शिष्यवृत्ती सारखी ठेवावी. पुनर्भरणाची योजना उद्या उभी राहील तेव्हा तिची मोजणी करायला माणसं लागतील, ती आत्ता घडवायला घेतली तरच वेळेवर मिळतील.

आणि जैनाबादच्या आईबापांना एक विनंती. मुलगी म्हणाली की मला भूगोल करायचाय, पर्यावरण करायचंय, तर तिला बँकेची परीक्षा देण्याचा सल्ला देऊ नका. प्रवेशअर्जाची मुदत संपण्याआधी तिच्याबरोबर विभागात जा, वरचे प्रश्न विचारा, आणि जो विभाग तिला कुंडीत उतरवायला तयार आहे तिथेच तिचं नाव घाला.